सुकलाल नाना आणि डावा पंख

सुकलाल नाना लाकडाला हात लावण्याआधी चपला काढायचे. देवळात काढतात तशा, जोडीनं, भिंतीला लावून. आमच्या शेडमध्ये जमिनीवर खिळे होते, काचा होत्या, उंदरांच्या लेंड्या तर विचारूच नका. पाटील सर दर रविवारी ओरडायचे, "नाना, पायात काहीतरी घुसेल!" नाना म्हणायचे, "घुसू द्या सर. पायाचा घाव भरतो." पुढचं वाक्य ते बोलायचे नाहीत, आम्ही मनातल्या मनात बोलून घ्यायचो.

नाना गेले त्याला येत्या अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वर्ष होईल. त्यांच्याबद्दल पेपरात जे छापून आलं होतं ते अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं मला एकटीला माहीत आहे, आणि ते पोटात ठेवून माझं वय वाढत चाललंय. म्हणून लिहिते.

धुळ्यात आमच्या कॉलेजच्या मागे एक पत्र्याची शेड आहे. तिच्यात दुसऱ्या महायुद्धातलं एक विमान पडून होतं. शिकाऊ वैमानिकांना उडायला शिकवायचं, दोन माणसांचं, अंगभर लाकूड आणि वर ताणलेलं कापड. युद्ध संपल्यावर सरकारनं असली निकामी विमानं कॉलेजांना वाटून टाकली, मुलांना दाखवायला. आमच्या कॉलेजनं ते पाचदहा वर्षं दाखवलं आणि मग त्याच्यावर मोडकी बाकं रचली. तीस वर्षं मी त्याच कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, पण त्या शेडचं दार उघडलं ते निवृत्त झाल्यावर. उघडलं तेही पाटील सरांनी. ते एनसीसीचे जुने मास्तर. घरी बसून बायकोला कवायत शिकवण्यापेक्षा हे बरं, असं त्यांच्या बायकोचंच मत होतं. तिसरे मदनशेठ, आग्रा रोडवरचे हार्डवेअरवाले. त्यांचे आजोबा मारवाडातून आले, पण मदनशेठांना मारवाडाइतकीच विमानांचीही माहिती होती, म्हणजे अजिबात नव्हती. आम्हा तिघांना मिळूनही खिळा सरळ ठोकता येत नव्हता. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात चालला होता. विमान नीट करून प्रजासत्ताक दिनाला कॉलेजच्या मैदानावर उभं करायचं, असं आम्ही सगळ्या गावाला सांगून बसलो होतो.

तेव्हा पाटील सरांनी पेपरात चार ओळी दिल्या, जुन्या लाकूडकामाचा जाणकार मिस्तरी पाहिजे म्हणून. पुढच्या रविवारी पारोळ्याच्या एसटीतून एक उंच, वाकलेला म्हातारा उतरला. वय पंचाहत्तरच्या पुढं. पांढरा पायजमा, सदरा, डोक्यावर टोपी, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत एक पटाशी, एक रंधा आणि फडक्यात बांधलेली ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. नाव विचारलं तर म्हणाले, "सुकलाल उखा मिस्तरी." आणि लगेच पाटील सरांना विचारलं, "पंख शेतस का?"

पंख आहेत का. सरांना वाटलं म्हातारा गंमत करतोय. पण नानांचा चेहरा गमतीचा नव्हता. पंख होते, दोन्ही. भिंतीला टेकवून ठेवलेले, वर बाकं. नाना तिथं गेले, चपला काढल्या, आणि बोटाच्या पेरानं एका पंखावर हळूच टकटक केली. कान लावला. दोन बोटं सरकून पुन्हा टकटक. डॉक्टर छाती ठोकून बघतो तसं त्यांनी दोन्ही पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत ठोकून पाहिले. त्याला दीड तास लागला. आम्ही तिघं परीक्षेच्या हॉलबाहेर उभे असल्यासारखे उभे होतो.

"लाकूड बोलस," ते नंतर मला म्हणाले. "आपले ऐकता येवाले जोयजे." आपल्याला ऐकता यायला पाहिजे.

माझं माहेर चाळीसगावचं, हे कळल्यापासून ते माझ्याशी घरच्या बोलीतच बोलायचे आणि मला अक्का म्हणायचे. बाकीच्या दोघांशी पेपरातल्यासारखी मराठी. ती बोलताना त्यांची मान अवघडायची.

नानांच्या कामाची रीत बघून मदनशेठांचं रक्त आटायचं. विजेवरचं यंत्र आणून दिलं तर नानांनी ते पिशवीसकट परत केलं. पंखाची एक बरगडी काढायला त्यांना एक रविवार लागायचा. तासाभरात होईल ते काम ते पाच तास करायचे आणि पाच तासांतले दोन नुसते बघण्यात जायचे. जोड बसवला की कधी "झालं" म्हणायचे नाहीत. त्याच्यावर तळहात ठेवून विचारायचे, "बसना का रे?" मग वाट बघायचे. उत्तर यायचं की नाही ते देव जाणे, पण कधी मान हलवून पुढं जायचे, तर कधी काही न बोलता सगळं परत खोलायचे. जेवताना एकटे भिंतीकडे तोंड करून बसायचे. भाकरीचा पहिला तुकडा मोडून रंध्याजवळ ठेवायचे, तो मग मुंग्या न्यायच्या. हसायचे क्वचित. खरं सांगायचं तर त्यांच्याजवळ बसलं की मला उगाच उदास वाटायचं. तरी मी त्यांच्याजवळच बसायची.

महिना दीड महिना झाल्यावर एका दुपारी त्यांनी मला ते सांगितलं. मी विचारलं नव्हतं. मी फक्त म्हणाले होते, की नाना, एवढ्या लांबून येता, एसटीत उभ्यानं येता, कशासाठी?

त्यांच्या गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. पारोळ्याच्या अलीकडचं आहे. तिथं कार्तिकात देवाचा रथ निघतो. सागवानी, तीन माळ्यांचा, चाकं माणसाच्या खांद्याएवढी. त्या रथाला ब्रेक नाही, वळवायला काही नाही. तो थांबवायचा आणि वळवायचा मोगरीनं. मोगरी म्हणजे लांब दांड्याची लाकडी पाचर. शंभर माणसं दोर ओढत असतात, रथ उतारावरून सुटलेला असतो, आणि मोगरीवाला चाकाच्या पुढं वाकून नेमक्या क्षणी ती पाचर चाकाखाली सारतो. क्षणभर चुकला तर हात जातो, नाहीतर कुणाचं घर. हा मान ठरलेल्या घरांचा, बापाकडून पोराकडे येणारा. उजव्या पुढच्या चाकाची मोगरी नानांच्या घराची होती.

युद्धात नानांचे वडील, उखा मिस्तरी, नाशिककडच्या एका लष्करी कारखान्यात लागले. मोडलेली लाकडी विमानं दुरुस्त करायची. बैलगाडी-तिफणीवर बसलेला हात, पण हात चांगला. साहेबानं सहा महिने शेजारी उभं राहून काम करून घेतलं आणि मग सांगितलं, आता तू एकटा कर. एकट्यानं केलेला पहिला पंख हवेत मोडला. आत एक शिकाऊ पोरगा होता, तो गेला. चौकशीत निघालं, की पंखाच्या वाशाचा, म्हणजे आतल्या मुख्य लाकडाचा, जोड सुटला. उखा मिस्तरींना घरी पाठवलं.

गावात ते पोचायच्या आधी बातमी पोचली. त्या कार्तिकात पंच बसले. "ज्याना हातना सांधा सुटना, त्याना हातमा रथ कसा देवाना?" असं कुणीतरी म्हणालं आणि कुणालाच ते चूक वाटलं नाही. मोगरी दुसऱ्या घरी गेली.

"मना जन्म त्यानानंतरना," नाना म्हणाले. "मी मोगरीले कधी हात लाया नही. दर साल खांबाजोडे उभा राहस आन् देखस."

त्यांचे वडील पुढं चाळीस वर्षं जगले. गाड्या करायचे, नांगर करायचे, कुणाशी भांडायचे नाहीत. विमानाचं कुणी काढलं तर एकच वाक्य बोलायचे, नाना ते वाक्य वडिलांच्याच आवाजात बोलून दाखवायचे. "त्या पंखले मी गाडीना मायक जपेल व्हतं." त्या पंखाला मी गाडीसारखं जपलं होतं. एवढं जपलेला जोड सुटेल कसा? लाकूडच कच्चं असणार, पोरानंच विमान आपटलं असणार, साहेबानं स्वतःवरचं बापावर ढकललं असणार. नानांनी आयुष्यभर हेच धरून ठेवलं होतं. आणि त्या कारखान्यातून निघालेलं एखादं विमान कुठंतरी शिल्लक असेल, त्यात बापाच्या हातचा एखादा जोड असेल, तो बघायचा होता. बस. त्यासाठी ते उभ्यानं येत होते.

मला वाटलं, म्हातारपणीचा हट्ट आहे. देशात कितीतरी विमानं वाटली गेली असतील, हेच कसं निघेल?

पण निघालं. डाव्या पंखाचं कुजकं कापड आम्ही मार्गशीर्षात सोललं. मुख्य वाशाच्या मधोमध तिरपा, हातभर लांब जोड होता, आणि जोडाच्या टोकाशी पटाशीच्या तीन खाचा आणि एक नखाएवढी चंद्रकोर. नानांनी आपल्या पिशवीतली पटाशी काढली, उलटी केली. मुठीवर तीन खाचा आणि चंद्रकोर. पटाशी वडिलांचीच होती.

"हाई बापनी खूण शे," असं म्हणून ते खाली बसले. मदनशेठ, जे देवळातही भाव सांगतात, ते टोपी काढून उभे राहिले. मग नानांनी जोड ठोकून पाहिला, कान लावला, पटाशीचं टोक फटीत घालून बघितलं. फटच नव्हती. ऐंशी वर्षांत त्या पंखावर पाणी गळलं होतं, बाकं पडली होती, उंदरांनी संसार केले होते आणि जोड केसभर हलला नव्हता. त्या दिवशी नानांनी भाकरी खाल्ली नाही. तळहात त्या जोडावर ठेवून बसून राहिले. संध्याकाळची एसटी चुकली तेव्हा पाटील सरांनी त्यांना स्कूटरवरून गावी सोडलं.

पाटील सरांच्या ओळखीचा वार्ताहर आला, फोटो छापून आला. "ऐंशी वर्षांनी बापाचा कलंक पुसला" वगैरे. नाना मला म्हणाले, "अक्का, हाऊ जोड आन् तो जोड येगळा. हाऊ त्यानी साक्ष कशी देई?" माणूस असा खरा होता. पण मी बघितलं, त्यांची मान सरळ झाली होती. आणि आठवड्यात गावचे पंच त्यांच्या दारात टॉवेल-टोपी घेऊन आले. येत्या कार्तिकात उजव्या चाकाची मोगरी सुकलाल नानांनी लावायची. या वयात वाकायला जमणार नाही, तर नुसता हात लावायचा, बाकी नातू बघेल. पण मान घराचा घराला.

त्यानंतरच्या रविवारी नाना पहिल्यांदा गुणगुणत आले. पिशवीत भाकरीबरोबर जवसाच्या तेलाचा डबा होता. उजव्या पंखाचा वासा वाळवीनं खाल्लेला होता, त्याला नवा तुकडा जोडायचा होता. नानांनी तुकडा कापून, रंधून, तिरपं तोंड आरशासारखं गुळगुळीत करून ठेवला होता. त्या दिवशी त्यांनी सगळ्या सांगाड्याला तेल पाजलं. आमच्याकडे नव्या गाडीला पाजतात तसं, फडक्यानं, हातानं, लाकूड पिईल तेवढं. गाडीच्या कामात जोडाच्या तोंडाला तर जास्तच तेल द्यायचं असतं, म्हणजे पाणी धरत नाही आणि ठोकताना लाकूड फाटत नाही. नानांनी त्या तिरप्या तोंडाला तीन हात दिले. शेडमध्ये असा गोड वास सुटला होता, की मी खुर्ची ओढून जवळ बसले.

इथं मला माझं सांगायला हवं. मी तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. गोंद का धरतो आणि का धरत नाही, यावर माझं एक अख्खं व्याख्यान होतं. फळ्यावर तेलाचा थेंब काढून दाखवायची मी. गाडीचे जोड खुंटीवर उभे असतात, विमानाचे गोंदावर. एवढं मला कळत होतं. आणि नाना तेल चोळत होते तेव्हा माझ्या मनात ते आलंही होतं, एकदा, माशी यावी तसं. मग मी म्हटलं, आपण पुस्तकातले शहाणे, त्यांच्या पंचाहत्तर वर्षांच्या हाताला काय सांगायचं. शिवाय ते गुणगुणत होते. मी गप्प बसले.

आठवड्यानं मदनशेठांनी आणलेला दोन डब्यांचा गोंद कालवून नानांनी जोड बसवला. तळहात ठेवून विचारलं, "बसना का रे?" त्या दिवशी त्यांनी फार वाट बघितली नाही.

प्रजासत्ताक दिनाच्या आधीच्या रविवारी पंख चढवून बघायचं ठरलं. डावा चढला. उजवा चढवून, टेकू काढून, पाटील सर खाली उभे राहून बोल्ट आवळत होते. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला म्हणून ते चार पावलं बाजूला झाले. पंख मधोमध वाकला आणि खाली आला. मोडण्याचा आवाजसुद्धा झाला नाही. जिथं सर उभे होते तिथं पंखाचं टोक जमिनीत रुतलं होतं. सर फोन कानाला लावून तसेच उभे, पलीकडून त्यांची बायको विचारत होती, जेवायला येताय ना?

नाना आधी सरांकडे गेले. त्यांच्या खांद्यांना, डोक्याला हात लावून बघितलं. मग मोडक्या पंखाशी बसले. जोड मोडला नव्हता, सुटला होता. दुधावरची साय निघावी तसा गोंद अखंड सोलून निघाला होता आणि खालचं लाकूड चकचकीत होतं. नानांनी त्यावरून बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला. बराच वेळ घेतला. मदनशेठ गोंदाच्या कंपनीला शिव्या देत होते. नानांनी मला खुणेनं जवळ बोलावलं.

"अक्का, तेलवर गोंद धरस का?"

"नाही, नाना."

"तुमले माहीत व्हतं?"

मी हो म्हणाले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पण रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर मला बरं झालं असतं. ते उठून डाव्या पंखाकडे गेले, वडिलांच्या खुणेवर हात ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "आठे साहेब उभा व्हता."

इथं साहेब उभा होता, म्हणजे काय ते मला लगेच कळलं नाही. मग ते एकेक शब्द सुटा करून बोलले, "गाडीना... मायक... जपेल व्हतं."

गाडीसारखं जपलं होतं. साहेब शेजारी होता तोवर साहेबाच्या रीतीनं काम झालं. साहेब गेला, पहिला पंख एकट्याच्या हाती आला, आणि उखा मिस्तरींनी त्याला जीव लावून गाडीसारखं तेल पाजलं. जोडाच्या तोंडाला जास्तच. चाळीस वर्षं तो माणूस हेच सांगत होता, निर्दोष आहे म्हणून नव्हे, काय झालं ते त्याला कळत नव्हतं म्हणून.

"तो खरं सांगे," नाना म्हणाले. "माले ऐकू उनं नही."

बाकीच्यांना त्यांनी एवढंच सांगितलं, की माझा जोड चुकला, हात आता राहिला नाही. मला म्हणाले, हे कुणाला सांगू नका. मी विचारलं, वडिलांसाठी? ते म्हणाले, नाही, नातवासाठी. मोगरी त्याच्या हाती यायची आहे. त्याला बोलावलंय ते उखा मिस्तरीच्या नावानं.

विमान मैदानावर गेलं नाही. आजही ते शेडमध्येच आहे, एका पंखावर. नानांनी नंतर तीन रविवार येऊन उजवा वासा पार सोडवला, तेल लागलेला प्रत्येक तुकडा वेगळा करून त्याच्यावर खडूनं फुली मारली आणि पटाशी पाटील सरांच्या टेबलावर ठेवून गेले. पुन्हा आले नाहीत.

कार्तिकात मी त्यांच्या गावी गेले. बोलावलं नव्हतं, पण घरी बसवेना. रथ निघायला वेळ होता. पंचांनी नानांच्या हाती नवी मोगरी दिली, फुलं बांधलेली. वाजंत्री थांबली. नानांनी मोगरी कपाळाला लावली आणि सगळ्यांसमोर नातवाच्या हाती दिली. पंचांपैकी एक आबा म्हणाले, "नाना, नुसता हात लाव ना चाकले." नाना म्हणाले, "मना हात थरथरस रे भाऊ." त्यांचे हात मी बघत होते. ते थरथरत नव्हते.

मग ते गर्दीतून मागे सरले आणि त्यांच्या नेहमीच्या खांबाशी, विजेच्या, जाऊन उभे राहिले. मी शेजारी गेले. रथ उतारावर आला, लोक ओरडले, नातू वाकला, मोगरी बसली आणि चाक करकरत थांबलं. पोरानं छान लावली होती. सगळे हात उंचावून गजर करत होते. नानांनी चपला काढल्या, पण हात जोडले नाहीत. रथाकडे बघत मला म्हणाले,

"अक्का, त्या पोऱ्यानं नाव कोठे भेटी का?"

कोणत्या पोराचं, असं मी विचारलं नाही. ऐंशी वर्षं त्या घरात उखा मिस्तरीचं नाव सांभाळलं गेलं होतं. विमानातल्या पोराचं नाव कुणी विचारलंच नव्हतं.

"बघते, नाना," मी म्हणाले.

मी सरकारी कचेऱ्यांना चार पत्रं लिहिली आहेत. अजून उत्तर नाही.